बत्तिसाव्या प्रश्नातला चेंडू

मी लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. क्लास म्हणजे चार मजली इमारत, खाली झेरॉक्सची आणि पोह्यांची दुकानं, वर चारशे पोरं, आणि इमारतीच्या कपाळावर एक फलक : ‘इथे चुकीला जागा नाही.’ फलक लागला तेव्हा मी मोठ्या सरांना, म्हणजे आमच्या संचालकांना, म्हणालो होतो की जिथं माणसं काम करतात तिथं असं लिहू नये. ते म्हणाले, “सर, तुम्ही फिजिक्स बघा.” तेव्हापासून मी फिजिक्स बघतोय.

दरवर्षी पावसाळ्यात मी पृथ्वीच्या फिरण्याचा तास घेतो. मी मूळचा नांदेडकडच्या उमरीचा, त्यामुळे तिकडच्या पोरांना चिडवायचा हक्क मला आहे. लातूर नांदेडच्या जरा दक्षिणेला, म्हणजे विषुववृत्ताला जरा जवळ. म्हणून लातूरकर नांदेडकरांपेक्षा ताशी सहा-सात किलोमीटर जास्त वेगानं पूर्वेकडे चाललेत, असं मी सांगतो. लातूरची पोरं बाकं बडवतात. ही गोष्ट मोठ्या सरांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी ती जाहिरातीत घालता येईल का, असं अगदी गंभीरपणे विचारलं. मी म्हणालो, घाला की, पण मग आपल्या दक्षिणेचं औसा आपल्याही पुढं आहे हे पण घालावं लागेल. विषय तिथंच मिटला.

मग मी पोरांना सांगतो की आपण सगळे ताशी जवळजवळ सोळाशे किलोमीटरनं पळतोय, तरी वहीवरचा पेन हलत नाही आणि डब्यातलं वरण सांडत नाही. कारण वही, पेन, वरण, तुम्ही, मी, सगळेच सारखे पळतोय. ‘सगळे सारखे सरकले की कोणीच सरकलं नाही,’ हे वाक्य मी फळ्यावर लिहितो, पोरांकडून उतरवून घेतो आणि खाली दोन ओळी सोडायला सांगतो. त्या दोन ओळी कशासाठी, हे मलाही माहीत नाही. माझ्या सरांनी सोडायला लावल्या होत्या.

आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी रविवारी टेस्ट असते. मंगळवारी यादी लागते आणि यादीप्रमाणे पोरं इकडची उचलून तिकडं बसवली जातात. पहिल्या चाळिसांची पहिली बॅच. त्यांना वरचा मजला, एसी आणि घसा न बसलेले सर. चाळिसाव्या आणि एक्केचाळिसाव्या पोरात काय फरक असतो असं कोणी विचारलं, तर मी सांगेन की एक जिना असतो. पण आईबापांना हे सांगून उपयोग नाही. लातुरात पोरगं कसं आहे हे यादीत बघतात, पोराकडे बघत नाहीत.

त्या वर्षी बिलोलीची एक मुलगी होती. वडिलांचं तिकडं भांड्यांचं दुकान. जूनमध्ये तिला सोडायला आले तेव्हा माझ्यासमोर बसून त्यांनी अट सांगितली. “सर, दिवाळीपर्यंत बघतो. पहिल्या बॅचला गेली तर राहू द्या. न्हाई गेली तर घेऊन जातो. तिकडं बी कॉलेज हाय की. एकटी पोरगी इतक्या लांब काहून ठेवायची?” मुलगी फरशीकडे बघत होती. दिवाळीआधीच्या शेवटच्या यादीवर तिचं लातूर टिकून होतं, आणि हे आम्हा तिघांनाही तेव्हापासून माहीत होतं.

ती शेवटची टेस्ट मी काढली. काढली म्हणजे काय केलं ते सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं की आम्ही बसून विचार करतो. आमच्याकडे नवा प्रश्न कोणी तयार करत नाही. जुना घ्यायचा, त्यातला एक शब्द बदलायचा, की ज्यांनी जुने पेपर पाठ केलेत ते फसतात आणि आपण हुशार ठरतो. जुना प्रश्न असा होता : उंच मनोऱ्यावरून सोडलेला चेंडू, पृथ्वीचं फिरणं लक्षात घेतलं तर, कुठं पडेल? उत्तर, किंचित पूर्वेला. मनोऱ्याचं टोक पायथ्यापेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतं, त्यामुळे चेंडू वरून थोडा जास्तीचा वेग घेऊन येतो. मी ‘मनोऱ्यावरून सोडलेला’ खोडलं आणि ‘जमिनीवरून सरळ वर फेकलेला’ असं लिहिलं. प्रश्नाचा नंबर बत्तीस. उत्तरांच्या यादीला, जिला आम्ही ‘की’ म्हणतो, तिला मी हात लावला नाही. तिच्यात पूर्व होतं ते पूर्वच राहिलं.

बहुतेक सगळ्या पोरांनीही पूर्वच लिहिलं. त्यांनी प्रश्न वाचला नव्हता, मी उत्तर वाचलं नव्हतं. आमचं मस्त जमलं.

सोमवारी दुपारी बिलोलीची ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. म्हणाली, “सर, बत्तिसावं पूर्व न्हाई. पश्चिम हाय.”

“की बघितली का?”

“बघितली. की चुकली.”

“की चुकत नसते,” असं मी सवयीनं म्हणालो आणि पुढचा पेपर तपासायला घेतला. ती गेली नाही. “सर, शाळेच्या मैदानात दोघी सारख्याच वेगानं पळाल्या, तर बाहेरच्या चकरीतली मागं पडती ना? चेंडू वर गेला म्हंजे बाहेरच्या चकरीत गेला. वेग त्याच्याकडं जमिनीचाच हाय. मंग तो मागं पडणार. जमीन पूर्वेला चालली, म्हंजे मागं म्हंजे पश्चिम. मी तेच म्हणून राहिले.”

माझ्या हातातला पेन थांबला. चेंडू किती सरकणार, तर जोरात फेकला तरी बोटाच्या पेराइतकाही नाही. पण सरकणार पश्चिमेलाच. वीस वर्षं मी जे शिकवतोय ते या पोरीनं मैदानात पळवून दाखवलं होतं. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि पाठोपाठ मी कच्ची यादी काढून तिचा नंबर शोधला.

मी मोठ्या सरांकडे गेलो. उत्तर दुरुस्त केलं की पहिल्या बॅचमधली एक-दोन पोरं खाली येत होती आणि ही मुलगी, जी त्रेचाळिसावी होती, सहज वर जात होती. मी तसं सांगितलं. मोठ्या सरांनी आधी दार लावलं.

“की चुकली असं बाहेर गेलं, तर समोरचे क्लासवाले संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतील. फलकाचा फोटो काढून टाकतील, सर.”

“पण उत्तर पश्चिमच आहे.”

“किती पोरांनी पूर्व लिहिलं?”

“जवळजवळ सगळ्यांनी.”

“मग?” ते म्हणाले. पृथ्वीनं कोणीकडे फिरायचं हे त्यांच्या मते बहुमतानं ठरत होतं. थोडा वेळ विचार करून त्यांनी तोडगा काढला. “असं करा. बत्तिसावा वादग्रस्त म्हणा आणि सगळ्यांच्या बेरजेत चार मार्क वाढवून टाका.”

“ज्यांना त्या प्रश्नाचे चार आधीच मिळालेत त्यांनाही?”

“सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. कोणाची तक्रार नको.”

“सर, त्यानं काहीच बदलत नाही.”

“आपल्याला बदलायचंय कुठं?”

पेपरखाली ‘प्रश्ननिर्मिती’ म्हणून माझं नाव होतं. चूक माझी आहे, तसं लिहून खाली नोटीस बोर्डावर लावतो, एवढंच मला म्हणायचं होतं. त्यासाठी मी तोंड उघडलं, आणि समोरचा ग्लास उचलून पाणी प्यालो. मोठ्या सरांना दोष देऊन मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी माझा हात धरला नव्हता.

मंगळवारी यादी लागली. चार मार्कांनी सगळे वर गेले आणि जो तो आपल्या जागेवर होता. पोरं खुश होती. एका बापानं पेढे आणले. ती यादीपुढं बराच वेळ उभी राहिली, मग जिन्यात मला गाठलं.

“सर, सगळ्यायला चार भेटले.”

“हो.”

“मंग मी हाललेच न्हाई.” तिच्या आवाजात राग नव्हता, तिला नुसतं तपासून घ्यायचं होतं. “तुमीच लिहून दिल्तं की. दोन ओळी सोडून.” मग म्हणाली, “पश्चिम बरोबर होतं का, सर?”

“बरोबर होतं,” मी म्हणालो. आजूबाजूला कोणी नाही हे मी आधी बघून घेतलं होतं.

पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत मी गुपचूप पश्चिम छापून घेतलं. आता चारशे पोरांना पश्चिम पाठ आहे आणि का ते कोणी विचारत नाही. पण ते नंतरचं. त्या बुधवारी तिचे वडील तिला न्यायला आले. गादीची वळकटी आणि बॅग त्यांनी दाराबाहेर ठेवली, चपला काढल्या आणि आत येऊन माझ्यापुढं हात जोडले.

“सर, तुमी लई कष्ट घेतले. पोरीतच दम न्हाई, त्याला तुमी तरी काय करसाल?”

मुलगी त्यांच्या मागं उभी होती. जूनमध्ये फरशीकडे बघणारी ती या वेळी सरळ माझ्याकडे बघत होती. ती वाट बघत होती. फार नाही, ‘चूक माझी होती’ एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते मला सोमवारपासून पाठ होतं.

मी म्हणालो, “बसा, चहा सांगतो.”

“नगं सर,” वडील म्हणाले, “गाडीची वेळ झाली.” तिनं वळकटी उचलली आणि त्यांच्या आधी जिना उतरली.