जस्त वितळेपर्यंत

पंपवाल्याला सगळे 'जराथांब' म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथे सुखात होतं. टोपणनावात अतिशयोक्ती नव्हती. मुलगी बघून आल्यावर होकार कळवायला त्याने चार महिने लावले होते. तेवढ्यात तिला आणखी दोघे बघून गेले. "त्यातला एक बराही होता," असं त्याची बायको अजून सांगते, आणि नेमका त्याच्या तोंडात घास असताना सांगते.

काम मात्र त्याला घाईचं मिळालं होतं. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करायची म्हणून एक कंपनी साडेचार किलोमीटर खोल विहीर पाडत होती. विहीर म्हणजे वाकून आत डोकावावं अशी नव्हे. वीतभर रुंदीचं भोक, त्यात पोलादी नळ्यांची लांबच लांब माळ आणि टोकाला खडक कुरतडणारा बरमा. खालच्या धगीने बरमा जळू नये म्हणून नळ्यांतून अष्टौप्रहर गार पाणी सोडावं लागे. ते सोडणारा जराथांब. पंप कुरकुरला की तो जिवाच्या आकांताने धावत सुटे. बायकोचा यावर कधीच विश्वास बसला नाही.

तीन महिने पाणी सोडल्यावर ठरलेली खोली आली. नळ्या बाहेर काढल्या आणि त्याच दुपारी तापमान मोजणारी मुलगी आली. तिचं यंत्र एका पेटीत, मऊ गादीवर झोपून आलं होतं. पंपघरात माणसांसाठी तसली गादी नव्हती. यंत्र तारेने तळापर्यंत सोडलं. सगळ्यांची अपेक्षा चारशे अंशांची. आकडा आला एकशे बासष्ट.

पुन्हा सोडलं. एकशे चौसष्ट.

"विहीर थंड निघाली," साहेब म्हणाला. ठरलेलं लग्न मोडल्याचं सांगावं, तसा त्याचा आवाज होता. सोमवारी वरिष्ठांची बैठक होती. थंड विहीर सिमेंटने बुजवायची, असा नियम होता आणि सिमेंट नेमकं वेळेवर आलं होतं.

जराथांब दारात उभा होता. "साहेब, तापलेल्या माणसाच्या कपाळावर तीन महिने गार पट्ट्या ठेवल्या. पट्टी काढल्या काढल्या हात लावून आपण म्हणतोय, ताप नाही."

"माझं यंत्र बरोबर आहे, काका," मुलगी म्हणाली.

"बरोबरच आहे, ताई. ते मी ओतलेल्या पाण्याचं तापमान सांगतंय. तोंड बंद करा आणि थांबा."

"कोणी?" साहेबाने दचकून विचारलं.

"विहिरीचं हो."

ही गोष्ट तिथे कोणाला ठाऊक नव्हती असं नाही. तिघांनी तर कॉलेजात त्यावर परीक्षा दिली होती. पण अहवालाच्या कागदावर तापमानाचा रकाना होता, थांबण्याचा नव्हता.

"किती थांबायचं?" साहेबाने विचारलं.

"नऊ दिवस."

"आणि मग? ताईंचं यंत्र?"

"ते चारशेच्या पुढे जळतं," मुलगी म्हणाली. "काकांचं खरं असेल तर माझं यंत्र जाईल. खोटं असेल तर पाठवून उपयोग काय?"

यावर जराथांबने आपल्या वस्तादाची जुनी रीत सांगितली. पोलादी नळकांड्यात चार वाट्या. एकीत कथील, एकीत शिसं, एकीत जस्त, एकीत अॅल्युमिनियम. जो धातू वितळेल तिथपर्यंत उष्णता पोचली. जस्त चारशेवीस अंशांना वितळतं. ते वितळलं की काम फत्ते. साहेब ऐकत नाही असं पाहून, आयुष्यात पहिल्यांदाच विचार न करता, तो बोलून गेला, "जस्त वितळलं नाही तर मी नोकरी सोडून घरी बसतो."

"हे लिहून द्याल?"

त्याने लिहून दिलं. साहेबाने बैठक पुढे ढकलली.

घरी बायकोने ते ऐकून हातातली परात खाली ठेवली. "घरी बसणार? कुठे?"

"म्हणजे, घरीच."

"तुम्ही सुट्टीच्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजता. भाताचं झाकण काढू देत नाही. रोज बसलात तर मला कुठे तरी नोकरी बघावी लागेल." मग परात उचलत, हळूच, "वितळतं ना हो ते?"

त्या दिवसापासून जस्त वितळावं असं कंपनीपेक्षा तिला जास्त वाटू लागलं.

सातव्या दिवशी विहिरीच्या तोंडावरचा दाब चढला, म्हणजे आतलं पाणी तापत होतं. साहेबाला थांबण्याची गोडी लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पट्ट्यांचा दाखला स्वतःचा म्हणून सांगू लागला. जराथांबची मात्र झोप उडाली. आठव्या दिवशी सकाळीच तो नळकांडं घेऊन साहेबाच्या टेबलासमोर उभा राहिला. "आजच सोडू का? एक दिवसाने काय फरक पडतो?"

"काका, नऊ म्हणजे नऊ," साहेब म्हणाला. "झाकण उघडायचं नाही." वाक्य घरचंच होतं, पण समोरून ऐकायला कडू लागलं.

नवव्या दिवशी नळकांडं खाली गेलं, तासभर तळाशी राहिलं आणि वर आलं. सगळे भोवती जमले. जराथांबने गार होण्याची वाट पाहिली नाही. हातमोजाही घातला नाही. "काका!" मुलगी ओरडली. तोवर दोन बोटं भाजली होती आणि झाकण फिरलं होतं.

कथील वाटीच्या तळाशी पसरून बसलेलं. शिसंही तसंच. जस्ताचा तुकडा त्याने स्वतः करवतीने चौकोनी कापला होता. आता त्याला कोपरा म्हणून उरला नव्हता. वाटीत ओतल्यासारखं गोल, चकचकीत. अॅल्युमिनियम जसंच्या तसं, करवतीच्या ओरखड्यांसकट.

"म्हणजे नेमके किती अंश?" साहेबाने विचारलं.

"चारशेवीसच्या वर. पुढचं जस्ताला माहीत नाही."

साहेबाने तो लिहिलेला कागद फाडला. तुकडे मुलीने वेचले. तिला सगळं मोजून ठेवायची सवय होती.

भाजलेली बोटं बर्फात धरून त्याने डाव्या हाताने घरी फोन लावला.

"वितळलं."

"सगळं?"

"अॅल्युमिनियम सोडून."

"त्याला काय धाड भरली? त्यावर नोकरी अवलंबून आहे का?"

"नाही."

तिने सोडलेला श्वास फोनमधून ऐकू आला. "मग आता काय?"

"साहेब म्हणतात, एवढी गरम आहे तर आणखी तीनशे मीटर खाली जाऊ. उद्यापासून पंप सुरू."

"म्हणजे एवढी तापलेली विहीर तुम्ही परत गार करणार."

"हो."

"आणि मग परत तापायची वाट बघत थांबणार."

"हो."

"छान," ती म्हणाली. "सगळं तिथेच करा."