निसरपूरची दुसरी साक्षीदार

ऐन मे महिन्यात धार जिल्ह्यात फिरायला कोण जातं? आम्ही गेलो, आणि तेही माझ्या मुलीच्या गृहपाठासाठी.

सानिका यंदा अकरावीत जाणार. तिच्या इंदूरच्या शाळेत इतिहासाचा एक वरच्या पातळीचा कोर्स आहे, मोजक्याच मुलांना घेतात. मुलाखतीत सरांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिने सनावळीसकट दिली. शेवटी सर म्हणाले, "पाठांतर बढ़िया है बेटा, पर तुमने मुझसे एक भी सवाल नहीं पूछा." जागा दिली, पण कच्ची. सुट्टीत तीन पुस्तकं वाचायची, माळव्याचा नकाशा हाताने काढायचा आणि तीन पानांचं टिपण लिहायचं. एकच घटना, तिचे दोन साक्षीदार, आणि त्यांचं कुठे जुळत नाही ते. टिपण पटलं तर जागा पक्की.

पुस्तकं वाचून झाली, नकाशाही झाला. टिपणाचं पान मात्र कोरंच. "आई, आपल्या घरात काही घडलेलंच नाहीये," ती रडवेली होऊन म्हणाली. "सब नौकरी करतात आणि रिटायर होतात."

तेव्हा मी तिला अण्णांची गोष्ट सांगितली. अण्णा म्हणजे माझे वडील. निसरपूरच्या सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते. मी चार वर्षांची असताना गावात पूर आला. धाकट्या भावाच्या वेळी आई बाळंतपणासाठी देवासला आलेली, आणि मला गोवर म्हणून मी अण्णांजवळच राहिलेले. त्यांनी मला खांद्यावर घेतलं, डोक्यावर औषधांची पेटी धरली आणि छातीएवढ्या पाण्यातून शाळेच्या उंचवट्यावर नेलं. तो खांदा मला अजून आठवतो. गालाला ओलं कापड आणि नाकात स्पिरिटचा वास. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या तेराव्याला मी हीच गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली होती.

सानिकाने वही उघडली. "एक साक्षीदार तू. दुसरा कोण?"

दुसरा निसरपूरलाच मिळणार होता. ह्यांना सुट्टी नव्हती, म्हणून मायलेकीच निघालो.

पहिला दिवस, आमच्या देवासहून धार. तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल तर सहाच्या आत घर सोडा. आम्ही कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे-जिलेबी खाऊन निघालो, इंदूर बायपासने टाळलं आणि दहाच्या आधी धारला पोचलो. रस्ता चांगला आहे, पण वळणांवर ट्रक फार. बसस्टँडजवळच्या लॉजवर दोघींची खोली बाराशेला मिळाली, कूलर चालू करून दाखवल्यावरच पैसे दिले.

लाल दगडाचा किल्ला गावाच्या डोक्यावर आहे. सानिका चौकीदाराकडे गेली आणि पाठ केल्यासारखं विचारू लागली, "भैया, ये किसने बनवाया, कब बनवाया?" त्याने हातातल्या काठीने पाटी दाखवली. "बिटिया, सब लिखा है उधर." ती ओशाळून परत आली. थोड्या वेळाने पुन्हा गेली आणि या वेळी म्हणाली, "आप यहाँ पहली बार कब आए थे?" तो लहानपणी बकऱ्या घेऊन यायचा म्हणे. कुठली भिंत तेव्हा उभी होती, कुठल्या टाक्यात ते पोहायचे, सगळं त्याने फिरून दाखवलं. अर्धा तास तिचं पेन थांबलं नाही. मी सावलीत बसून तिच्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी राजगढमार्गे बाग. राजगढजवळ मोहनखेड्याच्या जैन तीर्थावर भोजनशाळेत जेवलो. साधं, कमी तिखट आणि पोटभर. पुढे टांडा गावाकडे वळलं की प्रदेशच पालटतो. लाल डोंगर, ताडाची झाडं, उतारावर एकेकटी घरं. पेट्रोल राजगढलाच भरून घ्या.

बागच्या लेण्यांत आत शिरताच गारवा लागला. भिंतींवरची चित्रं आता फारशी तिथे नाहीत, उरलेली काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात ठेवली आहेत. मोकळ्या भिंतीसमोर सानिका बराच वेळ उभी होती. "इथे काय होतं ते सांगणारं कुणी उरलं नसेल तर?" तिने विचारलं. संध्याकाळी छपाईच्या एका कारखान्यात गेलो. म्हातारे कारागीर ठसा कापडावर ठेवून मुठीने एकच ठोका मारत होते. मी एक ओढणी घेतली, घासाघीस करावीशी वाटली नाही. मुक्काम पुढे कुक्षीला केला. रात्री दाल-पानिये खाल्ले. पानिये म्हणजे पानांत धरून गोवऱ्यांवर भाजलेली मक्याची भाकरी. तूप मागून घ्या, नाहीतर घशाखाली उतरत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निसरपूर. कुक्षीहून जेमतेम अर्धा तास. मी लहानपणी पाहिलेलं गाव आता नाही, सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेलं. लोक नव्या बसाहटीत, म्हणजे पुनर्वसनाच्या वसाहतीत, राहतात. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, अजून लहानच असलेली कडुनिंबाची झाडं. मला एकही वळण ओळखता येईना. चहावाल्याला विचारलं, जुन्या दवाखान्यातलं कुणी आहे का? "कमलाबाई हैं ना, दाई थीं. मंदिर के पीछे, नीला दरवाज़ा."

कमलाबाई पंचाहत्तरीच्या असतील. कंपाउंडरसाहेबांची मुलगी म्हटल्यावर त्यांनी माझी हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली. मग खाटेवर बसवलं, पाणी दिलं. सानिकाने वही काढली आणि पुराचं विचारलं.

"साब तो उस दिन कुक्षी गए थे, दवाई लेने," त्या म्हणाल्या. "पुल पे पानी चढ़ गया. तीन दिन उधर ही अटके रहे."

मी मध्येच म्हणाले, "नाही नाही, अण्णा होते. त्यांनी मला खांद्यावर घेतलं होतं."

सानिकाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "तो अम्मा, मेरी माँ को किसने निकाला?"

"मैंने. और कौन था?" त्या हसल्या. "पेटी भी मैंने उठाई. ये पूरे रास्ते मेरे कान में अण्णा-अण्णा करके रोती रही. मैं बोली, हाँ हाँ, अण्णा ही है, पकड़ के रख."

वेड्यासारखं मी स्पिरिटच्या वासाचं विचारलं. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. सुया उकळायचं, पुसायचं काम त्यांचंच होतं. स्पिरिटचा वास हातांतून जायचाच नाही, नवरा वैतागायचा, असं म्हणाल्या.

"साब तीसरे दिन आए," त्या पुढे म्हणाल्या. "दरवाज़े पे हाथ जोड़ के खड़े रहे. फिर तेरे को लेके वहीं बैठ गए."

निघताना मी त्यांना बागची ओढणी दिली. त्यांच्या मुलीचा फोन नंबर सानिकाने लिहून घेतला. आभार मानायचे मात्र राहूनच गेले.

परतीला मानपूरवरून आलो. एका रसवंतीवर थांबलो, तेव्हा सानिका ग्लास तसाच धरून म्हणाली, "आई, मी हे नाही लिहिलं तरी चालेल. किल्ल्याच्या काकांवर लिहीन."

"तुझी जागा?"

"जाऊ दे ना. तू अण्णांच्या तेराव्याला सांगितलं होतंस."

सोळा वर्षांची पोर. महिनाभर त्या तीन पानांसाठी झुरत होती, आणि माझ्यासाठी ती सोडून द्यायला तयार झाली. मला एकदम भरून आलं. मग माझं मलाच आठवलं. मी ही गोष्ट काढली की अण्णा दरवेळी एवढंच म्हणायचे, "पाणी फार होतं गं," आणि उठून जायचे. मला वाटायचं, किती साधा माणूस, स्वतःचं कौतुकही ऐकवत नाही त्याला. ते खोटं कधीच बोलले नव्हते. पण आपण तिथे नव्हतो हे लेकीला सांगणंही त्यांना झेपलं नसावं.

"लिही," मी म्हणाले. "चाळीस वर्षं मी चुकीच्या माणसाचे आभार मानले. निदान कागदावर तरी बरोबर नाव येऊ दे. फक्त अण्णा दारात हात जोडून उभे होते, तेही लिही."

देवासला आल्यावर तिने चार दिवसांत टिपण लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. पहिलं वाक्य होतं, "माझ्या आईला सगळं नीट आठवतं, फक्त माणूस चुकला." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच कुकर धुतला.

शाळा उघडली. जागा पक्की झाली. पण सरांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. टिपणाच्या खाली लाल शाईत एकच ओळ होती, दुसऱ्या साक्षीदाराचं तरी सगळं खरं कशावरून? सानिका हिरमुसेल असं मला वाटलं. ती नाचतच घरी आली आणि तिने थेट कमलाबाईंच्या मुलीला फोन लावला.

या प्रवासाचा सगळा खर्च मिळून साडेसहा हजारांच्या आत झाला, हे विचारणाऱ्यांसाठी. लेणी, किल्ला, ठशांची छपाई, सगळं बघण्यासारखं आहे, जरूर जा. पण मला परत परत आठवतात ते खाटेवर समोर धरलेले दोन हात.

फोनवर आधी सानिका बराच वेळ बोलली, मग फोन माझ्याकडे आला. आभार कसे मानायचे ते मी हिंदीत मनाशी जुळवून ठेवलं होतं. कमलाबाईंनी तोंडच उघडू दिलं नाही. "अरे, एक बात तो भूल ही गई थी! कंधे पे तो बाद में लिया. पहले टोकरी में बिठाया था तेरे को. तू कूद गई उसमें से, पानी में!"

मला टोपली अजिबात आठवत नाही. पण या वेळी मी नाही म्हटलं नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "फिर?"