कापसाच्या खोलीतून मारलेली हाक

मी एसटीत कंडक्टर होतो. मोताळा, धाड, जळगाव जामोद, सगळे रस्ते याच पायांवर उभं राहून पार केले. "ओ ताई, पुढं सरका, दारात काय लगन लागून राह्यलं?" असा आवाज दिला की पायरीवर लटकलेली माणसंसुद्धा आत घुसायची. कॉलेजच्या पोरी, लेकुरवाळ्या, भांडखोर म्हाताऱ्या, कोणाशीही बोलताना माझी जीभ अडली नाही. आणि घरी आलो की सुनेसमोर दातखीळ बसायची.

शहरातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. हसू दे. आमच्याकडे सासरा सुनेशी तोंडानं बोलत नाही. घरात शिरताना दारातच खाकरायचं, म्हणजे आत सून असली तर ती पदर डोक्यावर घेते आणि बाजूला होते. काही हवं असलं तर हवेत सांगायचं, "चहा भेटल काय आज?" मग सून सासूला सांगणार, सासू आपल्याला सांगणार. याला मी मर्यादा म्हणायचो, चारचौघांत मिरवायचोही. सुनेचा आवाज मला चांगला ओळखू यायचा. भिंतीपलीकडून तिचं हसणं, पोरांवर ओरडणं सगळं ऐकू येई. त्यातला एक शब्द कधी माझ्यासाठी नव्हता.

कोरोना घरात मीच आणला. दुसरी लाट चालू होती, ऊन मी म्हणत होतं. बायको कळवळून म्हणाली, "काऊन जाता बजारात? वांगे नाई खाल्ले तं मरून जासान काय?" मी ऐकतो होय! मास्क हनुवटीखाली लोंबत ठेवून मोताळ्याच्या बाजारात भाव करत फिरलो, जुने ड्रायव्हर भेटले त्यांच्यासोबत चहा प्यालो. त्याच आठवड्यात मला ताप भरला आणि माझ्या मागोमाग बायकोला.

दवाखान्यांत तेव्हा जागा नव्हती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, घरीच वेगळ्या खोलीत राहा, बोटाला ते यंत्र लावून ऑक्सिजनचा आकडा पाहत जा, आणि मला फोन करत जा. आमचा मुलगा संभाजीनगरकडे कंपनीत, त्याला सुट्टी मिळेना. नातवंडांना सुनेनं आधीच तिच्या माहेरी, धाड गावाला, पाठवून दिलं होतं. राहिलो आम्ही दोघं आजारी आणि एकटी सून. अंगणाच्या एका टोकाला आमची कापूस भरायची खोली, कापूस विकून ती रिकामी झाली होती. तिथं तिनं दोन खाटा टाकल्या, कूलर लावला. कोपऱ्यांत अजून कापसाचे पुंजके होते, कूलरच्या वाऱ्यानं ते आमच्या पांघरुणावर येऊन बसायचे.

गल्लीतल्या लोकांनी आमचं दार सोडलं. ज्यांना मी वर्षानुवर्षं गाडीत जागा धरून दिली, ते समोरच्या भिंतीला घासून जायचे. एकानं तर आमच्या दाराकडं बोट करून आपल्या पोराला दटावलं, "तिकडं जाऊ नको बे!" मी खिडकीतून पाहत होतो. ताप जाणवला नाही इतकी त्या वेळी लाज वाटली. घर बाटल्यासारखं वाटलं.

सून ताट आणून उंबऱ्यावर ठेवायची, झाकणी वाजवायची आणि मागं सरायची. बायको उठून ते आत घ्यायची. "मीठ कमी हाय म्हना," असं मी छताकडे बघून म्हणायचो, बायको ते दारातून ओरडून सांगायची. तापानं फणफणलेल्या बाईकडून मी निरोप्याचं काम करून घेत होतो, आणि त्यात वावगं काही आहे हे माझ्या डोक्यातही येत नव्हतं.

मग ती दुपार आली. जेवणाचं ताट उंबऱ्यावर तसंच पडून होतं. बायको ते घ्यायला उठली नाही. मी म्हणालो, "अवं, ऐकलं काय?" तिनं डोळे उघडले, पण बोलली नाही. तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि ओठ जांभळट दिसत होते. मी खाटेवरूनच हात लांबवून तिच्या बोटाला यंत्र लावलं. आकडा ऐंशीच्याही खाली होता. मी उठायला गेलो तर तोल गेला, खाटेच्या कडेवर धपकन बसलो. तेवढ्या धडपडीत माझं धोतर ओलं झालं, तेही मला आधी कळलं नाही.

उघड्या दारातून समोर अंगण दिसत होतं. अंगणापलीकडे, स्वयंपाकघराबाहेरच्या ओट्यावर सून भांडी घासत होती. मला ती स्पष्ट दिसत होती. माझी बायको मरत होती. आणि मी काय केलं? खाकरलो.

सुनेनं ऐकलं. तिनं झटकन पदर डोक्यावर ओढला आणि आत निघून गेली. सासरे बाहेर येत असतील, वाट मोकळी करून द्यावी, इतकंच तिनं केलं. तिची काय चूक? मीच तिला तसं शिकवलं होतं.

मग मी हवेत बोललो. "कोनी हाय काय घरात? पाहा बरं जरा इकडं." आवाज खोलीच्या बाहेरही गेला नसेल. भरल्या गाडीतून मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज, तो कूलरच्या घरघरीत बुडाला.

आणि तरी मी तिला हाक मारली नाही. उशाखालचा मोबाइल काढला आणि मुलाला फोन लावला. मुलानं फोन उचलायचा, त्यानं बायकोला फोन करायचा, आणि तिनं अंगण ओलांडून यायचं, असा माझा हिशोब. कंपनीत कामावर असताना मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी परत लावला. घंटी वाजत राहिली आणि माझ्या डोळ्यांसमोर बायकोची मान एका बाजूला कलंडली.

तेव्हा कुठं तोंड फुटलं. "पोरी!" मी ओरडलो. "अवं पोरी, ये वं लवकर! तुही सासू मरून राह्यली!"

पोरी मी माझ्या लेकीला म्हणतो. ती जळगाव जामोदला नांदते. सुनेला काय म्हणून हाक मारायची हे मी कधी ठरवलंच नव्हतं, म्हणून भीतीच्या भरात तोंडाला आला तो शब्द गेला.

ती धावत आली. राखेचे हात, नाकाला ओढणी बांधलेली, डोकं उघडं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. सासूच्या बगलेत हात घातले, तिला पालथं केलं, छातीखाली उश्या सरकवल्या, पाठ चोळत राहिली. "आत्याबाई, श्वास घ्या. घ्या म्हनलं ना!" कानाला फोन लावून डॉक्टरशी बोलली, तिच्या भावाला धाडहून जीपमध्ये ऑक्सिजनचा सिलेंडर घेऊन यायला सांगितलं. आकडा हळूहळू वर चढायला लागला. मग ती माझ्याकडे वळली. "मामाजी, तुमी पन पालथे व्हा. आन् ते धोतर सोडा."

"नाई," मी म्हणालो. त्या हाकेनंतर सुनेशी बोललेला हा माझा पहिला शब्द.

"सोडा म्हनलं ना. माहा बाप असता तं काय तसाच ठेवला असता काय ओला?" तिनं मान भिंतीकडे फिरवली आणि हातानं काम केलं. मेलो असतो तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आजही तो प्रसंग आठवला की कानशिलं तापतात. पण तिच्या हातांत घाई नव्हती, किळसही नव्हती. ती भिंतीकडे बघत, म्हशीनं आज दूध कसं चोरलं ते सांगत होती.

बायको वाचली. संध्याकाळी सिलेंडर आला, पुढचे काही दिवस त्याच्यावर निघाले. आणि त्या दिवसांत आमच्या त्या खोलीत पदरही नव्हता आणि निरोपही नव्हता. "मामाजी, पेज संपवा. आत्याबाईले काय सांगता, माह्याशी बोला." "मामाजी, बिडी आठवून राह्यली काय? घ्या, गोळी घ्या." एवढा खमक्या कंडक्टर मी, पण गुमान ऐकायचो. एकदा तर मी तिला घाटातल्या बंद पडलेल्या गाडीची गोष्ट सांगितली आणि ती खळखळून हसली. सासूला म्हणाली, "मामाजी बोलतात बरं चांगले! इतके वर्षं काऊन लपवून ठेवले?" मला इतका आनंद झाला होता, काय सांगू.

बरा होऊन मी पहिल्यांदा रस्त्याकडच्या ओट्यावर जाऊन बसलो, तर भिंतीला घासून जाणारी तीच माणसं चौकशीला आली. एकानं विचारलं, "कोनं केलं हो तुमचं सगळं?" मी म्हणालो, "पोरगं फोनवरून पाहत होतं ना." सुनेनं धोतर बदललं हे कसं सांगणार? मग ऊन तापलं म्हणून मी त्यांना आत घेऊन निघालो. आत सून सासूच्या केसांना तेल लावत होती, डोकं उघडं, दोघी कशावर तरी हसत होत्या. मला ते ऐकू येत होतं. आणि मी दारात खाकरलो.

हसणं थांबलं. पदर वर गेला. सून उठून स्वयंपाकघरात गेली आणि जरा वेळानं चहाचा ट्रे उंबऱ्यावर ठेवून मागं सरली. "सून मर्यादेची हाय बरं तुमची," पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला. आणि माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू, क्षणभर फुगलीच. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "झालं समाधान?"

त्या दिवसापासून सून माझ्याशी बोलली नाही. रुसली म्हणून नव्हे, सासऱ्याला हेच हवं आहे असं तिला समजलं म्हणून. गोळ्या वेळेवर येतात, भाकरी मऊ येते, निरोप बायकोकडून येतात. मी आता दारात खाकरत नाही. चपला फाटकाजवळच काढतो आणि अनवाणी येतो, तरी तिला चाहूल लागतेच, पदर माझ्या आधी डोक्यावर असतो.

परवा बायको शेजारी गेली होती. सून अंगणात बियाण्याचं सोयाबीन निवडत बसली होती. घरात तिसरं कोणी नव्हतं. मी सकाळपासून मनाशी घोकत होतो, तरी खांबाला धरून उभं राहावं लागलं.

"पोरी," मी म्हणालो.

तिनं सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि लगबगीनं फाटकापर्यंत गेली. जळगाव जामोदहून नणंद आली असं तिला वाटलं. फाटक उघडून तिनं रस्ता दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि आत येऊन मान खाली घालून परत निवडायला बसली.