तळ्यापासून माझ्या मागे आली ती

आता काय सांगू तुम्हाला, त्या गावात मी आजही एसटीतून उतरलो की स्टँडवरची माणसं एकमेकांना कोपर मारतात. गावाचं नाव विचारू नका. चहा घ्या आणि ऐका. आणि हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा, मागे एकाच्या नाकातून आला होता!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी सोलापूरचा, नोकरीला मुंबईत. कचेरीत शेजारच्या टेबलावर वसंता. त्याने हट्टच धरला, गणपतीला आमच्या गावी चल. हट्टामागे त्याची बहीण कुसुम होती, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. मी फोटो पाहिला होता आणि तेव्हापासून माझी झोप उडाली होती. अडचण एकच, वसंताचे वडील अण्णा. "मुलगा चांगला असेल रे, पण घाटावरचा! त्याला आपल्या रीती काय कळणार?" हे त्यांचं पालुपद. तेव्हा अण्णांचा होकार मिळवायचा, एवढ्याचसाठी मी रेवसच्या लाँचमध्ये बसलो.

दुपारी पोचलो. कुसुमचा पत्ता नाही. विचारायची तर सोय नाही!

"गावात बघायला काय आहे रे?" मी वसंताला विचारलं.

"तळं."

"आणि?"

"तळ्याची पलीकडची बाजू."

निघालो एकटाच. वसंताची आई म्हणाली, "दिवे लागायच्या आत या हो, आज गौरी यायच्या आहेत." मी मान डोलावली. आमच्याकडे गौरी येतात त्या थाळ्या बडवत, अख्ख्या गल्लीला कळतं. म्हटलं, आवाज आला की परतू.

पाऊस नुकता उघडला होता. तळ्याचं पाणी काळंभोर, त्यावर पांढरं धुकं. काठावरचा म्हातारा चहावाला फळ्या लावत होता.

"सायेब, दिस कलला. आता तल्याकडं जाव नका."

"का हो?"

"आसरा हायत. पान्यात ऱ्हातात."

"हाका मारतात की काय?"

"न्हाय. बोलत न्हायत. नुसत्या बगतात आन् खुनंनं बोलवतात. गेला तो गेला."

मी मोठ्यांदा हसलो. शिकलेला ना मी!

पलीकडच्या बाजूला पोचलो आणि माझं हसू मागेच राहिलं. तिथे पोफळी इतक्या दाट की उजेड खाली उतरतच नव्हता. बेडूक ओरडत होते, ते एकाएकी गप्प झाले. आणि पाण्याकडून आवाज आला. टिण्... टिण्... घंटेचा. मग धप्प! घंटा थांबली. कुणीतरी बारीक कण्हलं. नंतर काहीच नाही.

धुक्यातून एक बाई आली.

कपाळापर्यंत लाल पदर. दोन्ही हातांत छातीशी धरलेलं काहीतरी, झाकलेलं. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळे हे एवढे! थेट माझ्याकडे बघत उभी राहिली.

"नमस्कार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने डोळे आणखी मोठे केले.

"आपण इथल्याच का?"

ओठ हलले नाहीत, पण घशातून आवाज आला. "हुं... हुं..." आणि तिने डोळे फिरवून मागे तळ्याकडे खूण केली. मान मात्र वळेना! पुन्हा हुं, पुन्हा तीच खूण. मागून, पाण्याजवळून, ते कण्हणं.

मला चहावाला आठवला. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात, म्हणून मी खाली बघितलं. पाय घोट्यापर्यंत चिखलात! सुलटे की उलटे, कळायला मार्ग नाही.

मी चालायला लागलो. तीही. मी वळलो, तीही वळली. मी भरभर, तीही भरभर, आणि पावलांचा आवाज म्हणून नाही. मग मात्र मी जो सुटलो!

वसंताच्या घराचं दार सताड उघडं, समया लावलेल्या. उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं. ती सगळी तुडवत मी आत शिरलो, धाडकन दार लावलं, अडसर घातला आणि पाठ टेकून उभा राहिलो.

"आसरा! माझ्या मागे आलीय!"

घरची सगळी तिथेच उभी होती. वसंताच्या आईच्या हातात दुधाचा तांब्या. अण्णांनी शांतपणे विचारलं, "दिसायला कशी होती?"

"भयाण, अण्णा! गाल असे, डोळे बटाट्याएवढे! आईशप्पथ!"

दारावर बाहेरून लाथ बसली. "हुं!"

"अरे गाढवा!" वसंता किंचाळला. "ती खड्यांची गौर आहे! तळ्यातले खडे आणायचे, तोंडात पाणी धरून. वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही!"

"म्हणजे ती बाई..."

"भयाण ना?" अण्णा म्हणाले. "ती माझी कुसुम."

दार उघडलं. तिचे पाय धुतले. सुलटे होते हो! ती माजघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, सगळं घर फिरली. मी भिंतीला चिकटून उभा. स्थळ तर गेलंच होतं, रडू तेवढं यायचं बाकी होतं. तिने खडे देवापाशी मांडले, परसात जाऊन चूळ टाकली आणि ओरडली, "काकू पायरीवर घसरून पडल्यात! यांना केव्हाची सांगतेय!"

कुसुमबरोबर घंटा वाजवायला गेलेल्या काकू! त्यांना मीच पाठंगुळीला मारून आणलं. रीत मोडायला नको म्हणून त्यांनी वाटभर माझ्या कानाशी घंटा वाजवली.

अण्णा ओटीवर बसले होते. "गौरीच्या तोंडावर दार लावणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. उद्या सकाळची एसटी आहे."

आतून कुसुमचा आवाज आला. "अण्णा, मी एक शब्द बोलले नाही तर हे एवढे पळाले. मला हेच चालतील."

लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. आमच्या घरात भांडण कसं नाही याचं शेजाऱ्यांना नवल वाटतं. माझा आवाज चढला की ही उठते, तांब्यातलं पाणी तोंडात घेते, गाल फुगवते आणि माझ्याकडे बघत उभी राहते. मी गप्प.

आणि खरं सांगू? अजूनही मी आधी तिचे पाय बघून घेतो.