पीस नाचवणारा

गावात नळ आले नव्हते. मी नवी सून, तापीवर पाण्याला जाई, तेव्हा तो रोज दिसे. सावरीचं खोड कोरून केलेली त्याची डोंगी एकट्यापुरतीच होती. गळाला कोंबड्याचं पीस बांधून तो ते माशीसारखं पाण्यावर नाचवी. वल्हं मारताना दोरी दातांत धरी.

एकदा ते बघता बघता माझा रिकामा पितळी हंडा वाहत गेला. तो सासूच्या माहेरचा. "हरवलास तर माहेरीच जा," असं तिनं बजावलेलं, आणि ती बोले तसं करी. सासू घरात घेणार नाही, असं मी काठावरून ओरडले.

त्याच्या गळाला तेव्हाच मोठा मासा लागला होता; डोंगी ओढली जात होती. त्यानं हंड्याकडे पाहिलं, दातांनी दोरी तोडली आणि वल्हं उचललं.

हंडा काठाला लावून म्हणाला, "मासा सकाय बी भेटी, बहीन. तुनी सासू मात्र तीच ऱ्हाई."

परक्या पुरुषाशी बोलायची रीत नव्हती. मी पदर पुढे ओढला, हंडा भरला आणि निघाले. त्या दिवशी त्यानं माझ्यासाठी जेवढं सोडलं, तेवढं पुढे घरच्या कुणीही सोडलं नाही.