व्याहीबुवांचं स्वित्झर्लंड

चिंचणीच्या वाडीत चिकूखाली बसून अख्खं स्वित्झर्लंड पाठ असलेला माणूस या पृथ्वीवर एकच आहे, आणि ते माझे व्याही आहेत. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली, त्याला आता वीस वर्षं होतील. या वीस वर्षांत आम्ही दोघं नातवंडांबद्दल जेवढं बोललो नसू तेवढं तिकडच्या डोंगरातल्या रस्त्यांबद्दल बोललो. म्हणजे ते बोलले. मी चौथी शिकलेला माणूस, बोईसरला चाळीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त केल्या, मला गाडीची भाषा कळते. त्यांना गाडी कुठे न्यायची ते कळतं. कारखान्यात ते भट्टीवर होते. तिथे घाम पुसत उभं राहायच्या जागेसमोर कोणीतरी स्वित्झर्लंडचं कॅलेंडर लावलेलं होतं. हिरवा डोंगर, त्यावर सोडलेल्या दोरीसारखा वळत गेलेला रस्ता, वर ढग. वर्ष संपलं, कॅलेंडर फाटलं, पण हे त्या रस्त्यावरून खाली उतरलेच नाहीत. रिटायर झाले त्या दिवशी सत्काराचा नारळ हातात घेऊन मला म्हणाले, "व्याहीबुवा, आता मोटरसायकल घेऊन तिथे जायचं. तुमी येताव?" मी म्हणालो, सुरतेच्या पुढे मी आजवर गेलो नाही आणि मला त्याची लाजही नाही.

त्यांची तयारी मात्र बघण्यासारखी. तिकडच्या गावांची नावं काही तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी घाटातल्या वळणांना आपल्या स्टेशनांची नावं दिली. पहिलं वळण सफाळे, मग केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव. दुपारी डोळे मिटून आरामखुर्चीत बसायचे, मनगट हलकेच पिळायचे आणि पुटपुटायचे, उमरोळीनंतर चढ आहे, गिअर खाली. विहीणबाई चहा घेऊन आल्या तर त्यांना हाताने थांबवायचे, कारण मागून बस येतेय. मी समोर बसलो तर मलाही ते चढ, त्या उतारावरच्या गाई, त्यांच्या गळ्यातल्या घंटा सांगायचे. इतक्या सावकाश सांगायचे की डोळे जड व्हायचे, आणि खोटं का बोलू, एकदा मलाही तिथलं गवत दिसलं. मी लगेच सावरून बसलो आणि कार्बोरेटरचा विषय काढला.

सवय व्हावी म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळसुद्धा तिकडच्या वेळेला लावलं. साडेतीन तास मागे. जेवताना म्हणायचे, तिकडे आता सकाळच आहे, लोक उठत असतील. विहीणबाई म्हणायच्या, ते उठू देत, तुमी जेवून उठा. तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात, तर तो सराव करायला यांनी समुद्राची पुळण निवडली. तिथे कोणाला धक्का लागायची भीती नाही, आणि ओली वाळू म्हणजे बर्फच, असं त्यांचं म्हणणं. एका अमावस्येला सकाळी ते गाडी घेऊन तिथे उतरले. बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईने सांगितलं, आज उधाण आहे, आठच्या आत निघा. यांनी बर्फावर दोन फेऱ्या मारल्या, गाडी वाळूवर उभी केली आणि सुरूच्या सावलीत आडवे झाले. जाग आली तेव्हा घड्याळात पाच. म्हणजे अजून तीन तास हातात. सूर्य वर आलेला दिसत होता, पण तिकडे उन्हाळ्यात लवकर उजाडतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्यांदा उठले तेव्हा मोटरसायकलचं फक्त हँडल पाण्यावर होतं. कोळ्यांनी होडीचा दोर बांधून ती ओढून काढली. ती बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "दादा," ती म्हणाली, "तिकडं भरती कधी हाय, तेबी विचारून ठेवा."

इंजिनातली वाळू काढायला मला आठ दिवस लागले. पण घरात त्याहून मोठं काम निघालं. माझे जावई तसे गरीब स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांनी वडिलांना सांगितलं की अण्णा, आता पुरे. मुलगी मधे पडली आणि असं ठरलं की मी मागे बसून त्यांची परीक्षा घ्यायची. मामा म्हणजे मी; मामा हो म्हणाले तर अण्णांनी जावं, नाही म्हणाले तर गाडी विकायची आणि विषय पुन्हा काढायचा नाही. मी खोटं बोलत नाही हे दोन्ही घरांना माहीत आहे. व्याही हो म्हणाले आणि उठून आत गेले. त्या दिवशी त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

पालघरहून मासवणच्या रस्त्याला लागलो. वाघोबाची खिंड आली आणि मी कान टवकारून बसलो. चूक शोधायची म्हणून बसलेल्या माणसाला चूक सापडू नये याचा राग येतो, तसा मला येत होता. माणूस गाडी वळवत नव्हता, गाडी आपणहून वळत होती. तोंडाने सफाळे, केळवे रोड चालू होतं. झाडं मागे सरकत होती, वारा गार होता, त्यांचं वाणगावचं वळण आलं तेव्हा मला वाटलं हा रस्ता असाच वर जात राहावा. मग वाघोबाचं देऊळ आलं. तिथून जाणारा प्रत्येक जण थांबून हात जोडतो. व्याही थांबले, डावा पाय टेकवला, आणि त्यांच्या गुडघ्याने भार घेतलाच नाही. म्हातारा माणूस खाटेवर बसतो तशी गाडी हळूच कलंडली आणि आम्ही दोघं गवतात.

लागलं कोणालाच नाही. पण ते उठेनात. शर्टावरचं गवत एकेक काडी करून काढत बसले.

"पोराला काय सांगाल?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"चालवता एक नंबर," मी म्हणालो. "थांबता येत नाय तुमाला."

"मग तिथे थांबायचं कशाला?"

"थांबल्याशिवाय बघणार काय?"

त्यांनी शर्टावरची शेवटची काडी काढली. गाडी मी उचलली, परत येताना मी चालवली, आणि ते मागे बसून एकही स्टेशन बोलले नाहीत.

घरी सगळे ओटीवर वाट बघत होते. जावयांनी विचारलं, "मामा, मग?" मी सांगितलं, जसं झालं तसंच. गुडघा गेलेला आहे, यांना एकट्याला सोडू नका. व्याही खाली बघत होते. मी पुढे म्हणालो, मागे माणूस पाहिजे, गाडी थांबली की डावा पाय टेकवणारा. जावई म्हणाले, असा माणूस आणायचा कुठून? चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या डाव्या पायावर तोलून मी उजव्याने किका मारल्यात. मी तो पाय चपलेतून काढून ओटीवर आपटून दाखवला. विहीणबाई पदरात हसल्या. व्याह्यांनी माझ्या पायाकडे असं बघितलं, की पायाला नमस्कार करतात की काय याचीच मला भीती वाटली.

आता माझा पासपोर्ट आलाय. फोटोत मी पकडलेल्या चोरासारखा दिसतो, सही मात्र ठळक आहे. जायचं पुढच्या उन्हाळ्यात, असं दोन उन्हाळे ठरतंय. कधी त्यांची साखर वाढते, कधी माझी पाठ धरते. पण दर रविवारी आम्ही खिंडीत जातो आणि थांबायचा सराव करतो. ते म्हणतात, "टेकवा," मी टेकवतो. मागच्या रविवारी खिंडीत ढग उतरला होता, समोरचं वळण दिसत नव्हतं. त्यांनी गाडी थांबवली, ते "टेकवा" म्हणायच्या आधीच माझा पाय खाली गेला होता. गाडीचा, त्यांचा, सगळा भार क्षणभर माझ्याकडे आला. हा पायही हल्ली थोडा थरथरतो. ते मी मुलीला सांगितलं नाही, आणि त्यांना तर नाहीच. त्यांनी इंजिन बंद केलं, आणि ढगात कुठेतरी कोणाची तरी गाय हंबरली. ती ऐकायला आम्ही दोघं तसेच थांबलो.