पोटाला शिवलेला हात

भाऊ डॉक्टर माणसाच्या तोंडाकडे बघतच नसत. दार लोटून कुणी आत आलं की आधी हात. चार दिवसांपूर्वी येऊन गेलेल्यालाही "आपण कोण?" विचारतील, पण अंगठ्यावरचा टाका दिसला की लगेच, "अरे, तू भाट्याचा नारळवाला! कोयता अजून तसाच चालवतोस ना, मेल्या?" एकदा एक बाई लाजत म्हणाल्या, "डॉक्टर, जरा हात दाखवायचा होता." हे म्हणाले, "भविष्य बघायचं तर पलीकडे जोशीबुवा आहेत. माझ्याकडे फक्त टाके मिळतात." रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या त्या दवाखान्यात मी सिस्टर होते. त्यांची पुष्कळ बोलणी खाल्ली, आणि वेळ आली तेव्हा सुनावलंही.

नव्व्याण्णव साली एका संस्थेने त्यांना परदेशात, निर्वासितांच्या छावणीत बोलावलं. "सिस्टर, पासपोर्ट काढा," एवढंच मला सांगितलं. विचारलं नाहीच. लढाईतून पळून आलेली माणसं, उघड्या माळावर तंबू, आणि त्यातल्याच एका तंबूत ऑपरेशन. पोरांनी खेळणं समजून स्फोटकं उचललेली. हाताची हाडं उघडी पडलेली. त्यावर कातडी आणायची कुठून? तर पोटावरून. पोटाची कातडी एका बाजूने सोडवायची, हात तिच्यात शिवून टाकायचा आणि तीन आठवडे तसाच पोटाला चिकटलेला ठेवायचा. तोवर ती कातडी हाताला धरते. मग कापून हात मोकळा करायचा. "शिवणारा मी, सोडवणाराही मीच," डॉक्टर म्हणायचे.

तिथे नूरी होती, सातेक वर्षांची. उजवा हात पोटाला शिवलेला, आणि डाव्या हाताने जेवणार नाही म्हणून हटून बसलेली. अगदी आपल्याकडच्यासारखं! मग मी भरवायची. तिची भाषा आम्हाला येत नव्हती. डॉक्टर दिसले की ती डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट करायची. कधी कापणार? डॉक्टर 'हो' अशी मान हलवून रत्नागिरीच्या मराठीत सांगायचे, "कापतो गो बाय, कापतो. मग आपल्या हाताने जेव हो पोटभर." तिला काय कळायचं कोण जाणे, पण हसायची.

दुसऱ्या आठवड्यातच हुकूम आला. छावणी हलवणार, परक्या डॉक्टरांनी आजच निघायचं. डॉक्टर छावणीच्या साहेबांपुढे गेले, ओरडले, शेवटी अक्षरशः गयावया केलं. काही उपयोग झाला नाही. त्याच दिवशी कापलं असतं तर ती कातडी काळी पडून हात गेला असता. शेवटी न कापताच निघालो, पुढे कुणीतरी कापेल या भरवशावर. "कुणीही कापू शकतो हो, पाच मिनिटांचं काम," ते मला परत परत सांगत होते. ट्रक सुटला तेव्हा नूरी तंबूच्या दाराशी उभी होती. तिने बोटांची कात्री केली. डॉक्टरांनी मान हलवली.

इकडे आल्यावर गावाने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, "जिल्ह्याचं भूषण", सगळं यथासांग! भाषण करा म्हटल्यावर हे उठून म्हणाले, "एका मुलीचा हात पोटाला शिवून ठेवून आलोय. टाळ्या कशाच्या वाजवता?" आणि बसले. लोकांना वाटलं, केवढा हा विनय! मला तर असा संताप आला. पुढच्या रांगेतले एकजण खिशातून कंगवा काढून फोटोसाठी केस नीट करत होते.

संस्थेला त्यांनी किती फोन केले असतील. आधी "चौकशी करतो", मग "छावणी कुठे गेली माहीत नाही", मग सरळ हात वर. मी तेच सांगितलं, "त्यांनी हात वर केले, डॉक्टर." त्यावर म्हणाले, "त्यांचे होतात वर, सिस्टर. तिचा होतो का, तेवढं विचारा." पुन्हा कुठल्या छावणीत त्यांना कुणी बोलावलं नाही. बोलावणार तरी कशाला, भांडणाऱ्या माणसाला?

पुढे काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी भेटायला गेले तर वहिनी रडकुंडीला आलेल्या. "सिस्टर, सारखी अशी बोटं करतात. नखं कापायची म्हणून नेलकटर आणला तर फेकून दिला. केस म्हणून न्हाव्याला बोलावलं, त्याच्यावर डोळे वटारले. बघा बाई तुम्हीच."

मी खाटेशी बसले. उजवा हात पोटावर तसाच निपचित पडलेला. आयुष्यभर तोंडाकडे न बघणारा माणूस, पण त्या दिवशी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग डावा हात उचलून त्यांनी दोन बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली. कापलं का कुणी?

मला काय ठाऊक? कुणालाच ठाऊक नाही.

मी 'हो' अशी मान हलवली.